वहिनी, पुस्तकं परत का पाठवलीस?

वहिनी,

मायन्यात तुझ्या नावाआधी काहीच लिहीत नाही. लोक काय लिहितात ते तुला ठाऊक आहे, आणि ते वाचून तुझ्या कपाळाला आठी पडते हे मला ठाऊक आहे.

पिशवी मिळाली. इंद्रायणीचे तांदूळ, लोणच्याची बरणी आणि तळाशी मी दिलेली पुस्तकं, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेली. वर पोराच्या वहीतला फाडलेला कागद. 'वाचली. चांगली आहेत. पण यातल्या बायकांना पगार आहे.' एवढंच? पोरगा सांगतो, रात्री उशिरापर्यंत दिवा चालू असतो, बंगल्यावरच्या पाहुण्यांच्या भाकऱ्या थापून झाल्या की आई पुस्तक घेऊन बसते. आणि मला एका ओळीत वाटेला लावतेस? राग आला, खरंच आला. त्याच रागात सुतळी सोडली. 'कोबाल्ट ब्लू'च्या मधोमध गॅसची पावती घातलेली, 'ब्र'च्या कितीतरी पानांना हळदीची बोटं. काही पानांचे कोपरे दुमडून तू पुन्हा सरळ केलेत, पण घडी राहिली आहे. मग मी त्या घड्यांच्या मागोमाग तुझं वाचन वाचत बसले. हे पत्र त्यातूनच आलं.

'कोबाल्ट ब्लू' तुला द्यावं की नाही, याचा मी फार विचार केला होता. सचिन कुंडलकरांची ही कादंबरी २००६ साली आली. पुण्यातलं घर, वरच्या खोलीत राहायला आलेला एक तरुण, आणि त्याच्यावर घरातला मुलगा तनय आणि त्याची बहीण अनुजा, दोघांचाही जीव जडतो. दोघांनाही टाकून तो निघून जातो. अर्धी कादंबरी तनय त्या गेलेल्या माणसाशी बोलतो, 'तू, तू' करत. उरलेली अर्धी अनुजाची. गावातल्या चार बायका हे वाचून काय म्हणतील ते सोड, तूच काय म्हणशील याची मला धाकधूक होती. आणि तू फोनवर काय म्हणालीस? 'एका घरात दोघं एकाच माणसासाठी रडतात आणि एकमेकांना कळू देत नाहीत. लई वाईट.'

बाकी काही नाही. ना पोराचं पोरावर प्रेम कसं, ना लोक काय म्हणतील. मला तेव्हा पुढे बोलायला सुचलं नाही, वहिनी. कारण दादा गेला तेव्हा आपलं तरी दुसरं काय झालं? तू आतल्या खोलीत, मी ओटीवर. तुझा नवरा गेला होता आणि माझा भाऊ. भेटायला येणारी प्रत्येक बाई आधी तुझ्या गळ्यात पडायची, मग वाटलं तर माझ्याकडे वळायची, जणू दुःखाचीही वाटणी आधीच झालेली. चहाचे कप देताघेताना आपण बोलायचो ते दुधाबद्दल. आणि त्या दुपारी तुझ्या बांगड्यांसाठी बायका उठल्या, तेव्हा आई दारात उभी राहिली. माझी आई, जिनं बाबांच्या वेळी स्वतःचे हात पुढे केले होते, ती म्हणाली, 'हिला हात लावायचा नाही.' कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो पुढे राज्यभर गाजला. आईनं ते नावही ऐकलेलं नव्हतं. तिला कुठून आलं ते बळ, तू कधी विचारलंस तिला?

म्हणून तर 'गोफ' पाठवलं. गौरी देशपांडेंची १९९९ सालची कादंबरी. सासू आणि सून, दोघींचेही नवरे गेलेले, आणि एकमेकींत गुंतत गेलेलं त्यांचं जगणं. गौरीबाई इरावती कर्व्यांची लेक, महर्षी कर्व्यांची नात. आजोबांनी विधवांसाठी आश्रम काढला, स्वतः विधवेशी लग्न केलं. नातीनं मात्र विधवांना कुणी वाचवायला येईल अशी वाटच बघू दिली नाही, त्यांना एकमेकींच्या हवाली केलं. हे मला फार मोठं वाटतं. तुझी घडी 'गोफ'मध्ये सापडली नाही. तू ते आईला वाचून दाखवलंस का? खरं सांग.

तुला माहीत आहे का, मराठी कादंबरी सुरूच मुळी तुझ्यासारखीच्या गोष्टीपासून झाली. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा आला आणि १८५७ साली बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन'. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, जागोजागच्या विधवांचे हाल बघते, आणि पुढे तिचाच नवरा जातो. शेवटी ती ख्रिस्ती होते, दुसरं लग्न करते. पुढे हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो' लिहिली, तिच्यातल्या यमूला असा दुसरा डाव मिळाला नाही. या पहिल्या कादंबऱ्यांपुढे प्रश्न सरळ होता. नवरा गेला, आता बाईला दुसरा नवरा मिळणार की नाही?

अलीकडच्या कादंबऱ्यांनी तो प्रश्नच बदलला, आणि तेच मला तुझ्यापर्यंत पोचवायचं होतं. शांता गोखल्यांची 'रीटा वेलिणकर' घे, १९९० सालची. घराचा भार लहानपणीच खांद्यावर घेतलेली बाई, कचेरीतल्या विवाहित साहेबात वर्षानुवर्षं गुंतलेली, एक दिवस मनानं कोसळते. दवाखान्यातून ती परत उभी राहते तेव्हा हात धरायला कुठला पुरुष येत नाही, मैत्रीण असते, सरस्वती. शांताबाईंच्या लेकीनं, रेणुका शहाणेंनी, त्यावर पुढे सिनेमाही काढला. मेघना पेठेंची 'नातिचरामि' मोडलेल्या लग्नाच्या ढिगाऱ्यात उभी राहून बाई-पुरुषाच्या नात्याचा एकेक दगड उचलून बघते. तू ती अर्ध्यावर ठेवलीस, घड्यांवरून दिसतंय. ठेव. जड आहे, पण कधीतरी पुरी कर.

आणि 'ब्र'. कविता महाजनांची, २००५ सालची. तुझ्या सगळ्यात जास्त खुणा इथे आहेत, मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. घर मोडलेली, मूल दुरावलेली प्रफुल्ला एका संस्थेच्या कामाला आदिवासी भागात जाते. जाताना तिला वाटतं आपलं दुःख केवढं. तिथे ती सरपंच झालेल्या बायकांना भेटत जाते. आरक्षणानं खुर्ची दिली, पण त्या खुर्चीवर बसू कोण देतं? एकेकीची हकिगत ऐकता ऐकता प्रफुल्लाचं स्वतःचं रडगाणं मागे पडतं. तिला नवीन प्रेम लागत नाही, तिला काम लागतं, माणसं लागतात. कविताताई २०१८ साली अचानक गेल्या. त्या असत्या तर मी तुझा कागद त्यांना पाठवला असता, आणि त्यांनी तो हसण्यावारी नेला नसता, एवढं मी खात्रीनं सांगते.

कारण तुझं म्हणणं खरं आहे, वहिनी. नव्या कादंबरीनं बाईला दुसऱ्या नवऱ्याच्या दारातून मोकळं केलं आणि कामाकडे, मैत्रिणीकडे, स्वतःच्या खोलीकडे वळवलं. पण खोलीचं भाडं कोण भरतं? या कादंबऱ्यांतल्या बहुतेक बायका शहरातल्या, शिकलेल्या. त्यांना खचून पडायला दवाखान्याची खाट मिळते, विचार करायला पानंच्या पानं मिळतात. तुला दादाच्या तेराव्यानंतरच्या शनिवारी कुणाच्या तरी पंचवीस माणसांचं पिठलं-भाकरीचं जेवण करायचं होतं. आगाऊ पैसे घेतले होते म्हणून. तू ते केलंस. ती दुपार कुठल्या कादंबरीत आहे? आपली ग्रामीण कादंबरी जमिनीचं, पावसाचं, पुरुषाच्या कर्जाचं दुःख जीव ओतून लिहिते. बाई तिथे रडते, पण तिच्या मनात काय चाललंय याला फार थोडी पानं मिळतात. ही माझी तक्रार आहे आणि ती मी आमच्या वाचनाच्या गटातही मांडली.

एक पुस्तक मात्र तू परत पाठवलं नाहीस. मी मोजली, 'रिंगाण' नाही त्यात. कृष्णात खोतांच्या या कादंबरीला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणानं उठवलेल्या गावातला माणूस मागे सोडून आलेली म्हैस आणायला परत जातो, आणि म्हैस आता रानाची झालेली असते. ते तू ठेवून घेतलंस. का ते मी विचारत नाही. तुझं माहेर पवना धरणाच्या पाण्याखाली गेलं, तुझ्या आईनं नव्या जागी चूल मांडली तरी ती शेवटपर्यंत गावाचं नाव जुनंच सांगायची. मुळशीत सेनापती बापट १९२१ साली धरणाविरुद्ध उभे राहिले, त्यानंतरही मावळाच्या पोटात धरणं होतच राहिली, आणि उठवलेल्यांपैकी कितीतरी जणांना अजून हक्काची जमीन मिळालेली नाही. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' दादानं तुला लग्नानंतर वाचून दाखवली होती, आठवतं? तू मध्येच उठून गेलीस आणि दादा पुस्तक मांडीवर ठेवून बसून राहिला.

मग आता मी सरळ मुद्द्यावर येते. पगार नाही म्हणतेस, पण पायाखाली जमीन आहे. आहे ना? आपल्या औंढ्याच्या शिवारात कोपऱ्याकोपऱ्यावर बंगले उठलेत, द्रुतगती मार्ग झाल्यापासून भाताच्या खाचराकडे कुणी भात म्हणून बघत नाही. दादा गेल्यावर महिन्याच्या आत एजंट ओटीवर येऊन बसला हे तू मला सांगितलं नाहीस, पोरानं सांगितलं. सातबाऱ्यावर अजून बाबांचंच नाव आहे. दादानं नोंद करायची म्हणत म्हणत ठेवली आणि ती राहिलीच.

काका मला परवा म्हणाले, तू तुझं हक्कसोड पोराच्या नावे करून टाक, म्हणजे मोकळी होशील. मी नाही म्हटलं. माझा वाटा मी सोडेन तर तुझ्या नावे सोडेन. पोरगा गुणी आहे, त्याचं त्याला मिळेल. पण त्याच्या लग्नानंतर त्याच घरात तू कुणाच्या मर्जीनं राहणार, हा प्रश्न मला तुझ्यापुढे येऊ द्यायचा नाही. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा नवऱ्याच्या वाट्यात बायकोला मुलाच्या बरोबरीनं पहिल्या वर्गाची वारस धरतो. कुणी उपकार करत नाही. रीटाला सरस्वती होती, प्रफुल्लाला तिचं काम होतं. तुझ्याकडे दोन्ही आहे, काम तर पहाटे चारपासून आहे. राहिलं ते नाव. ते कागदावर लागलं पाहिजे.

तुझी मी ऋणी आहे, हे एकदा लिहून ठेवू दे. मी शिकायला पुण्याला आले ते दादाच्या जोरावर असं सगळे म्हणतात. पण लावणीच्या दिवसांत माझ्या वाटणीचा चिखल तू तुडवलास. इरलं डोक्यावर घेऊन दिवसभर वाकलेली तू, आणि रात्री मला दिव्याजवळ बसवून म्हणायचीस, 'वाच, मोठ्यानं वाच, मलाही ऐकू दे.' माझं वाचन तिथून आलं. आता तू लिही. पिठल्याचा तो शनिवार लिही, आई दारात उभी राहिली ते लिही. अक्षर वाईट आहे म्हणू नकोस, मी उतरवून घेईन.

तोवर दोन गोष्टी ऐक. एजंटाच्या कुठल्याही कागदावर, कोरा असो की छापील, सही करू नकोस, आणि पोरालाही करू देऊ नकोस. सोमवारी वारसनोंदीच्या अर्जाचं काम करू. गावच्या तलाठ्याकडे आधी जाऊ आणि गरज पडली तर तिथून वडगावच्या तहसील कचेरीत. मी सकाळच्या लोकलनं लोणावळ्याला उतरते. बाबांचा आणि दादाचा मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अचा उतारा, आणि आईचं, तुझं, पोराचं आधारकार्ड पिशवीत काढून ठेव. आईला अंगठा नाही, सही करायची आहे हे सांग. ती सही करते, लोक विसरतात.

तुझीच,
वन्सं