साचेखात्यातलं ऑफिस

माझी एक जुनी विद्यार्थिनी लोअर परळला जाहिरातीच्या कंपनीत डिझायनर आहे. कल्याणच्या उर्दू शाळेत मी तिला मराठी शिकवलं. मध्यंतरी तिचा फोन आला, "टीचर, आमचं ऑफिस जुन्या गिरणीत आहे. अब्बांना घेऊन या ना एकदा."

अब्बा गिरणीत विणकर होते. आम्ही मोमीन-अन्सारी, मूळचे मदनपुऱ्यातले. दादा उत्तर प्रदेशातून येऊन साचेखात्यात लागले, त्यांच्या ओळखीने पुढे अब्बा. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा मी मांडीवर होते. अब्बांची गिरणी त्यांच्यासाठी परत उघडलीच नाही. ते भिवंडीच्या पॉवरलूमवर आले आणि आम्ही कल्याणचे झालो. त्यानंतर त्यांनी गिरणगावात पाऊल टाकलं नव्हतं. या वेळी मात्र "चलो" म्हणाले.

स्लो लोकलने करी रोडला उतरलो. ही गिरणी अब्बांची नव्हती, पण आत शिरताच ते वर बघत उभे राहिले. करवतीच्या दातांसारखं छप्पर, दातांच्या एका बाजूला काचा. विद्यार्थिनी कौतुकाने म्हणाली, "क्लायंट लोक या छपरावर खूश असतात."

"काचा उत्तरेला असतात," अब्बा म्हणाले. "ऊन आत येत नाही, उजेड येतो. तुटलेला धागा दिसला पाहिजे ना."

हवा कोरडी झाली की धागा तुटतो, म्हणून साचेखात्यात मुद्दाम ओलावा राखत. घामाने भिजलेले कामगार आणि साच्यांचा असा खडखडाट, की बोलणं ओठांवरून ओळखायचं. अब्बांना आज कमी ऐकू येतं ते त्यामुळेच. आता तिथे एसी होता आणि प्रत्येकाच्या कानात हेडफोन.

रिसेप्शनवर काचेच्या भांड्यात लाकडी धोटे ठेवले होते, शोभेला. अब्बांनी एक उचलला, त्याच्या भोकाला ओठ लावून दाखवले. विणकर असा तोंडाने धागा ओढून घ्यायचा. त्याबरोबर कापसाची धूळही छातीत जायची. एकाचा उष्टा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागतो, या सबबीवर दलितांना साचेखात्यात घेत नसत. ते कताईत, कमी पगारावर. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उचलला होता.

"आपल्याला चालत होतं का हे?" मी विचारलं.

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. "तुझे दादा सांगायचे, कोणी विचारलंच नाही. आपणही नाही."

बराबरीच्या गोष्टी आपण मशिदीतल्या सफांच्या सांगतो. साचेखात्यातल्या रांगेचा हिशेब मात्र आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा निघाला.

मग त्यांनी पोरीला विचारलं, "पर्मनंट आहेस?"

"नाही, कॉन्ट्रॅक्टवर. अकरा-अकरा महिन्यांचं."

"म्हणजे बदली," अब्बा म्हणाले. बदली कामगार रोज गेटवर उभा राहायचा, कोणी गैरहजर असला तर त्याला काम. पोरीला शब्द नवा होता, अर्थ नव्हता.

जुनी गिरणी पाडण्यापेक्षा तिच्यात ऑफिस थाटलेलं मला बरंच वाटतं. निदान छप्पर राहतं, त्याखाली उभं राहून कोणी उत्तरेच्या उजेडाचं कारण सांगू शकतं. पण वास्तू वाचली म्हणजे न्याय झाला असं नाही. 1991 च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीची वाटणी ठरली होती: साधारण एक वाटा शहराच्या मोकळ्या जागांना, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची उरली. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो बदल कायम ठेवला. शहराचा आणि घरांचा वाटा आक्रसला. विटा, खांब, धोटे जपले गेले. माणसं कल्याण-डोंबिवली, भिवंडीकडे पांगली.

निघताना पोरगी म्हणाली, "टीचर, या धोट्यांशेजारी लावायला चार ओळी लिहून द्या. मी साहेबांना विचारते."

परतीच्या गाडीत ठाण्यापर्यंत मी मनात जुळवाजुळव करत होते. मराठीत लिहायचं की उर्दूत, असं अब्बांना विचारलं. ते म्हणाले, "मराठीत लिही. मी मराठी तिथेच शिकलो, बाजूच्या साच्यावरच्या रत्नागिरीवाल्याकडून." मग मुंब्रा गेल्यावर पुन्हा म्हणाले, "आणि कोणाला हात लावू देत नव्हते, तेही लिही."

ओळी लिहून दिल्या आहेत. चाराच्या सात झाल्या. साहेबांचं उत्तर अजून यायचं आहे.