फोन कुणाला लावायचा?

छातीत दुखतंय म्हणून कॅज्युअल्टीत आलेल्या माणसाला मी तीन गोष्टी विचारतो: कळ एकदम आली का, कशी आहे आणि सरकतेय का. हृदयविकाराचं दुखणं बहुधा चढत जातं. महाधमनीचा आतला थर फाटला, तर कळ पहिल्याच क्षणी पुऱ्या जोराने येते. "भाकरी थापत होते, हातातून परात सुटली," असं एखादी बाई सांगते, पुढे म्हणते, "आधी छातीत होतं, आता पाठीत उतरलंय." हे ऐकलं की मी एकट्या ईसीजीवर विसंबत नाही.

महाधमनीच्या भिंतीला तीन थर असतात. आतल्याला चीर पडली की रक्त मधल्या थरात घुसतं आणि शिवण उसवावी तशी भिंत लांबवर उसवत जाते. रक्ताला खोटी वाट मिळते. ती फुगली की मेंदूला, हाताला, मूत्रपिंडाला जाणाऱ्या शाखा दबतात. म्हणून हा आजार कधी अर्धांगवायू होऊन येतो, कधी गार पडलेला पाय होऊन. चीर हृदयाच्या रक्तवाहिनीच्या तोंडाशी पोचली, तर ईसीजी थेट हार्ट अटॅकचा दिसतो. तिथे घाईने गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं, तर ते जिवावर बेततं.

म्हणून मी रुग्णाची दोन्ही मनगटं एकाच वेळी धरतो. कधी एकीकडे नाडी भरून लागते, दुसरीकडे जेमतेम सापडते. मग दोन्ही हातांचं बीपी. वरच्या आकड्यात 20 हून जास्त फरक असला तर संशय बळावतो. नसला तरी तो फिटत नाही. निकाल सीटी अँजिओच देते. पांढऱ्या वर्तुळात एक बारीक काळसर रेघ आडवी दिसते, तोच सुटलेला पदर.

सर्जन मायकेल डीबेकी यांनी 1965 मध्ये या आजाराचे तीन प्रकार मांडले. 2005 च्या अखेरीस, 97 व्या वर्षी, तो त्यांनाच झाला. पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया झाली आणि ते 99 वर्षं जगले. 1970 मध्ये स्टॅनफर्डच्या सर्जननी प्रश्न आणखी सोपा केला: हृदयातून वर चढणारा भाग फाटलाय का? असेल तर टाइप ए, नसेल तर बी. चढत्या भागातलं रक्त हृदयाच्या आवरणात फुटलं तर हृदय दबून थांबतं. उपचाराविना सुरुवातीला दर तासाला शंभरातले एक-दोन रुग्ण दगावतात. त्यामुळे टाइप ए म्हणजे तातडीचं ऑपरेशन.

टाइप बी बहुधा औषधांवर सांभाळता येतो. वेदना शमवायची, नाडी साठच्या आत आणायची, वरचं बीपी 100 ते 120 मध्ये ठेवायचं. बीटा ब्लॉकर आधी. नुसतं रक्तवाहिन्या सैलावणारं औषध दिलं तर हृदय अधिक जोराने धडकतं आणि चीर वाढते. धमनी फुटू लागली किंवा आतड्याचं, पायाचं रक्त तुटलं, तर जांघेतून स्टेंट ग्राफ्ट बसवावा लागतो.

जिल्ह्याच्या गावी सीटी असतं, हृदयाचा सर्जन नसतो. मोठ्या रुग्णालयातल्या सर्जनला लावलेल्या फोनवर पहिलंच वाक्य "टाइप ए आहे" असं गेलं, की तिकडे थिएटर आणि रक्ताची तयारी सुरू होते. "सीटीत काहीतरी दिसतंय" असं सांगण्यात वेळ जातो, आणि तो रुग्णाच्या आयुष्यातून जातो. म्हणून निवासी डॉक्टरांना मी बजावतो: रेघ सापडली म्हणून थांबू नका, ती चढत्या भागात आहे का ते पाहा आणि तेच आधी बोला.