एका सुताचा काप

सुताराच्या बोलीत सूत दोन ठिकाणी येतं. गेरूत भिजवलेला दोरा फळीवर ताणून धरला, मधोमध चिमटीत उचलून सोडला, की लाकडावर तांबडी रेघ उमटते. ते सूत मारणं. आणि इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक भाग, तेही सूतच. रेघेला आणि मापाला एकच नाव असावं, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. सुतारकामाचा सगळा भरवसा या दोघांनी एकमेकांची साथ न सोडण्यावर असतो. टेबलातून वर आलेल्या पात्यावर फळी ढकलून चिरायचं यंत्र म्हणजे टेबल सॉ. त्याच्या १० इंची पात्याच्या दात्यांची नेहमीची रुंदी इंचाचा आठवा भाग असते. म्हणजे हे पातं लाकडातून जातं तेव्हा बरोबर एका सुताचा भुसा होतो आणि रेघेच्या जागी रेघेएवढी पोकळी उरते. ती पोकळी पहिल्या वितीपासून शेवटच्या वितीपर्यंत सरळ राहिली, तर दोन फळ्या अशा मिटतात की सांध्यावरून बोट फिरवलं तरी तो लागत नाही. अर्धं सूत जरी ती भरकटली, तर पुढची सगळी कारागिरी ती चूक झाकण्यात खर्च होते. नवी मुंबईत घरच्या घरी लाकूडकाम करू पाहणाऱ्याने कॅबिनेट सॉ, म्हणजे बंद पेटीवर बसवलेला जड टेबल सॉ, निवडताना हे सूत डोळ्यांसमोर ठेवावं, असं माझं म्हणणं आहे. दुकानात आपल्याला वेग दाखवतात, हॉर्सपॉवर दाखवतात. घ्यायचं असतं ते वजन. धावणाऱ्या पात्याभोवती न हलणारं असं काहीतरी.

अमेरिकेतल्या डेल्टा कंपनीने १९३९ साली ‘युनिसॉ’ बाजारात आणला, आणि कॅबिनेट सॉचा चेहरामोहरा जवळजवळ तिथेच ठरून गेला. वर बिडाचा जड माथा, खाली बंद पोलादी पेटी, पेटीच्या पोटात मोटर; तिरका काप हवा असेल तर टेबल कलवायचं नाही, पातंच कलवायचं. पण या यंत्राचं मर्म बाहेरून दिसत नाही. पातं आणि त्याचा दांडा ज्या ओतीव कमानींवर पेललेले असतात, त्यांना ट्रनियन म्हणतात. हलक्या जातीच्या यंत्रात हे ट्रनियन वरच्या टेबलाला खालून टांगलेलं असतं आणि मोटर मागच्या बाजूला लोंबकळते. कॅबिनेट सॉमध्ये ते पेटीवर पाय रोवून बसतं. फरक एवढाच, पण सगळं त्यात आलं. पातं टेबलावरच्या, आडव्या कापाचा टेकू सरकवायच्या खाचेशी समांतर नसेल, तर हलक्या यंत्रात खाली घुसून, अंधारात चाचपडत, अवघडलेले बोल्ट ठोकत बसावं लागतं. पेटीवाल्या यंत्रात माथ्याचे बोल्ट सैल करायचे, माथा केसभर सरकवायचा आणि पुन्हा आवळायचे. जे दुरुस्त करणं सोपं, ते माणूस वेळेवर दुरुस्त करतो. शिवाय बिडाचा स्वतःचा एक गुण आहे. राखाडी बिडात ग्राफाइटचे बारीक पापुद्रे विखुरलेले असतात आणि मोटरचा कंप त्यांच्यात जिरत जातो. पोलादाचा तुकडा ठोकला तर घंटेसारखा वाजत राहतो, बीड ठोकलं तर आवाज तिथल्या तिथे विरतो. एका सुताचा काप सरळ राहतो तो या विरण्यामुळे.

वजनाचा संबंध सुबकतेइतकाच जिवाशीही आहे. १० इंची पातं मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दात्याचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या घरात जातो. पुढचे दाते खाली, टेबलाकडे उतरतात. मागचे दाते वर उठून आपल्याच दिशेने येतात. फळी चिरली जात असताना तिच्यातला जुना ताण मोकळा झाला आणि काप मागे मिटू लागला, किंवा फळी पात्याच्या आणि तिला सरळ नेणाऱ्या आडोशाच्या, म्हणजे फेन्सच्या, मध्ये चेपली गेली, की ते मागचे दाते तिला उचलतात आणि उभ्या माणसाच्या पोटाच्या उंचीवर फेकतात. याला किकबॅक म्हणतात. यावरचा उपाय म्हणजे रिव्हिंग नाइफ. पात्याच्या मागे, त्याच्याच वळणाने उभी राहणारी, त्याच्याबरोबर वर-खाली होणारी, कलणारी एक पोलादी पट्टी. लग्नात नवरीबरोबर पाठराखीण जाते, तशी ही पात्याची पाठराखीण. चिरलेल्या दोन भागांमध्ये उभी राहून त्यांना मागच्या दात्यांवर मिटू देत नाही. अमेरिकेत २००८पासून नव्या घडणीच्या टेबल सॉना ही पट्टी आवश्यक ठरवली गेली. तेव्हा यंत्र निवडताना माझा क्रम असा: आधी पाठराखीण, मग ट्रनियन, मग फेन्स. हॉर्सपॉवर त्यानंतर. फेन्सबद्दल इतकंच सांगतो की ती खटका दाबताच पात्याशी समांतर आवळली गेली पाहिजे आणि शेवटाला धरून ढकलली तर रेसभरही हलता कामा नये. ती दर वेळी दोन्ही टोकांना पट्टी लावून मोजावी लागत असेल, तर खाली कितीही दणकट मोटर असून उपयोग नाही.

आता हे वजन नवी मुंबईत ठेवायचं कुठे? अशा यंत्राचं वजन सहज २००-२५० किलो भरतं. लिफ्टच्या पाटीवर ६ माणसं, ४०८ किलो लिहिलेलं असतं. त्या हिशेबाने हे यंत्र म्हणजे जवळजवळ चार माणसं, आणि तीही एका चौरंगाएवढ्या जागेवर कायमची उभी. राहत्या खोलीची स्लॅब भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोचा वावरता भार गृहीत धरून आखलेली असते. स्लॅब भार पसरवून घेते, त्यामुळे यंत्र ठेवताच काही कोसळणार नाही; पण सातव्या मजल्यावर कंप खालच्या घराच्या छताला देणं हा शेजारधर्म नव्हे. टेबल सॉची जागा तळमजल्यावर, जमिनीला टेकलेल्या फरशीवर.  सिडकोने वसवलेल्या या शहरात टॉवर पुष्कळ आहेत, पण वाशी-नेरूळची, कोपरखैरण्याची रो-हाउसंही आहेत आणि बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज आहे. चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात आखलेल्या या वसाहतीची या बाबतीत मला वारंवार आठवण येते. सात-सात घरं एका चौकाभोवती, आणि प्रत्येक घर सुटं. दोन घरांत सामाईक भिंत नाही. हेतू हा की कुटुंब वाढेल तसं ज्याने त्याने आपलं घर वाढवावं. घर आपल्या हातांनी वाढू शकतं, असं गृहीत धरणाऱ्या वसाहतीत लाकूडकामाची खोली उपरी वाटत नाही. सामाईक भिंत नाही म्हणजे कंपाला वाटही नाही. जागेचं गणित मात्र सगळीकडे सारखंच कडक आहे. प्लायची शीट ८ फूट बाय ४ फूट; ती लांबीत चिरायची तर पात्याच्या पुढे ८ फूट हवेत आणि मागे ८ फूट. मधलं यंत्र धरून १८-२० फुटांची मोकळी रेघ लागते. खोलीत ती नसेल, तर दार उघडून फळी अंगणात जाऊ द्यावी लागते, आणि मग यंत्र भिंतीला नव्हे, दाराला सरळ मांडावं लागतं.

विजेचं थोडक्यात. ३ हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर २३० व्होल्टवर १३-१४ अँपिअर ओढते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. तेव्हा तिला स्वतःची वायर आणि स्वतःचा एमसीबी हवा. फ्रिजच्या बोर्डावरून तिला जोडू नये. ६० हर्ट्झसाठी बनलेलं अमेरिकी यंत्र कुणी स्वस्तात देऊ केलं, तर आपल्या ५० हर्ट्झवर त्याची मोटर सहातली पाचच पावलं चालेल, हे लक्षात ठेवावं.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप आपल्याच शहरातल्या प्रत्येक इमारतीत उभा आहे. घराचं काम निघालं की मिस्त्री येतात, प्लायच्या तुकड्याचं टेबल ठोकतात, हातातली कटर मशीन उलटी करून त्याला खालून बसवतात, आणि पंधरा दिवसांत त्याच्यावर अख्खं स्वयंपाकघर उभं करतात. मग २५० किलो बीड कशाला? हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही. त्या कामामागे कमावलेली नजर आहे, दिवसातून शंभर काप घेऊन मुरलेला हात आहे. जे स्थैर्य यंत्रात नाही ते त्या माणसाने आपल्या खांद्यात आणि मनगटात आणलेलं असतं. पण म्हणूनच ते आपल्याला उसनं घेता येत नाही. घरी लाकूडकाम करणारा माणूस महिन्यातून चार रविवार यंत्रापाशी उभा राहतो. त्याचा हात दर वेळी थोडा विसरलेला असतो. ज्याच्या हाताला सराव कमी, त्याच्या यंत्राला भार जास्त हवा. आणि त्या उलट्या कटरवर पाठराखीण नसते, झाकण नसतं, बंद करायचं बटण चटकन हाताशी नसतं. मिस्त्रींच्या हातांवरचे व्रण हा त्यांच्या कौशल्याचा पुरावा नव्हे. त्यांना चांगलं यंत्र कुणी दिलं नाही, याचा आहे. कंत्राट देणाऱ्यांनीही याचा विचार करावा.

दुसरा आक्षेप हिशेबी माणसाचा. प्लाय तर कारखान्यातून मापाने कापून मिळतो. तिथल्या सरकत्या टेबलाच्या पॅनेल सॉवर मुख्य पात्यापुढे एक छोटं पातं आधी लॅमिनेटला चर पाडतं, त्यामुळे कडाही उडत नाहीत. हे पूर्णपणे मान्य. ज्याला फक्त प्लायची कपाटं करायची आहेत त्याने कॅबिनेट सॉ घेऊ नये. शीट कापून आणाव्यात, फार तर रुळावर सरकणारी ट्रॅक सॉ घ्यावी आणि उरलेल्या जागेत मोकळेपणाने वावरावं. हे यंत्र भरीव लाकडाचं आहे. सागवान, शिसव, आंबा, फणस यांच्या फळ्यांना कारखान्यात आखलेली कड नसते. त्यांना वाक असतो, पीळ असतो, गाठ असते. खुर्चीचा पाय, चौकटीची पट्टी, देव्हाऱ्याची कमान हे तुकडे एकामागून एक, सगळे सारख्या जाडीचे, नसेच्या दिशेने चिरायचे असतात आणि ते काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही, कारण कुठली नस कुठे ठेवायची याचा निर्णय चिरतानाच होत असतो. सागवानात मुळातच सिलिका असते, ती दात्यांची धार खाते. म्हणून दाते टंगस्टन कार्बाइडचेच हवेत. उभ्या चिरेला २४ दात्यांचं पातं, आडव्या कापाला ६० किंवा त्याहून अधिक दात्यांचं. एकच पातं दोन्हीकडे रेटलं तर सागवान जळतं आणि कापावर काळी रेघ येते.

तिसरा आक्षेप खाडीकडून येतो. आषाढात इथली हवा इतकी ओली असते की बिडावर रात्री पाण्याचा पेला ठेवला तर सकाळी गंजाचं कडं उमटलेलं दिसतं. मग ॲल्युमिनियमच्या माथ्याचं हलकं यंत्र का घेऊ नये? कारण गंज पुसता येतो, कंप पुसता येत नाही. पावसाळ्याआधी माथा घासून त्यावर मेणाचा हात फिरवावा, वर सुती कापड टाकावं, आणि दर आठवड्याला ते उघडून पाहावं. आपल्याकडे खंडेनवमीला अवजारं पुसून, तेलपाणी करून पूजेला मांडतात. बिडाचं यंत्र असलेल्या घरात खंडेनवमी जूनपासूनच सुरू व्हायला हवी. ओल्या हवेचा आणखी एक परिणाम जाणून घ्यावा. स्टीव्ह गॅस यांनी शोधलेल्या सॉस्टॉप यंत्रात कातडीचा स्पर्श विजेने ओळखून पातं पाच मिलिसेकंदांच्या आत थांबतं. बोट वाचवणाऱ्या या शोधाला माझा मनापासून नमस्कार. पण फार ओलं लाकूडही त्याला बोटासारखं भासू शकतं, आणि मग पातं थांबवणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून दोन्ही वाया जातात. म्हणून तिथेही लाकूड वाळवण्याचा धीर हवाच.

शेजाऱ्यांचा आक्षेप मी शेवटी ठेवला, कारण त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. पेटीतली इंडक्शन मोटर हलक्या यंत्रांतल्या ब्रशच्या मोटरसारखी किंचाळत नाही, हे खरं. पण पातं लाकडात शिरलं की आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो, आणि कायद्याने निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबलची आहे. दारं-खिडक्या बंद ठेवल्या तर आवाज अडतो, पण भुसा आत कोंडतो. आणि लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५मध्येच नोंदवलं आहे. तेव्हा भुसा ओढणारं यंत्र याच खर्चात धरावं, तोंडाला चांगला मास्क लावावा, आणि कापायची वेळ शेजाऱ्यांना विचारून ठरवावी. तेही जमण्यासारखं नसेल, तर यंत्र घेण्याचा बेत सोडून द्यावा.

जमत असेल, तर दुकानात जाताना खिशात गुण्या आणि पाच रुपयांचं जाड नाणं ठेवा. पातं उभं करून त्याला गुण्या लावा. एका दात्यावर खूण करा, तो पुढे असताना खाचेपासून अंतर मोजा, मग तोच दाता फिरवून मागे न्या आणि पुन्हा मोजा. नाणं माथ्यावर, पात्यापासून लांब, कडेवर उभं करा आणि मोटर सुरू करायला सांगा. ते उभं राहिलं पाहिजे. सगळ्यात शेवटी पात्याच्या मागे पाहा. पाठराखीण काढून ठेवली असेल, तर ती बसवून मागा. नसेलच, तर ते यंत्र घेऊ नका.