एरंडोलचे रोजचे ओझे आणि सायकल

धुळ्याहून जळगावकडे निघालात की पारोळा मागे पडते आणि मग एरंडोल येते. अंजनी नदीकाठचे हे तालुक्याचे गाव. गावात रेल्वे नाही. गाडी धरायची तर म्हसावदचे स्थानक गाठावे लागते. त्यामुळे इथला माल रस्त्यानेच हलतो. महाभारतातली एकचक्रा नगरी ती हीच, असे इथली जुनी माणसे सांगतात. बकासुराला गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस पोचवावा लागे. भीमाने त्याला लोळवले ती जागा म्हणजे गावापासून सुमारे दहा किलोमीटरवरचे पद्मालय, असाही समज आहे. म्हणजे ओझे वाहणे हे एरंडोलच्या कपाळी फार पूर्वीच लिहिलेले दिसते!

वाचकहो, आज बकासुर नाही, पण ओझे आहे. सकाळी बाजारपेठेत घटकाभर उभे राहून पाहा. दुधाच्या किटल्या, कडब्याच्या पेंढ्या, मेथीची गाठोडी, खताची गोणी, गिरणीचा डबा. यातले बरेचसे अजून डोक्यावर असते, आणि ते डोके बहुधा घरातल्या बाईचे असते. दुसरीकडे दहा लिटर दूध पोचवायला मोटारसायकल पेट्रोल जाळते. या दोहोंच्या मधले वाहन म्हणजे ओझ्याची सायकल. ती नीट पारखून घेतली तर पैसा वाचतो आणि मानही वाचते.

दुकानात जाण्याआधी एक काम करा. आठ दिवस घरातून काय, किती आणि कुठवर वाहिले, ते वहीत मांडा. सायकल दुरुस्त करणारा जाणता कारागीर पहिला प्रश्न हाच विचारतो, ‘वझं कितलं शे, भाऊ?’ वीस लिटर दूध म्हणजे साडेवीस किलोच्या वर, शिवाय किटल्यांचे वजन वेगळे. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली, डीएपीची अजून ५० किलोची आहे. बहुतेक घरांचे रोजचे ओझे या गोणीच्या आतच बसते, असे वही सांगेल. कापूस विकायचा दिवस वर्षात मोजकाच. त्या दिवशी बैलगाडी जोडा किंवा टेम्पो भाड्याने घ्या. वर्षातला जड दिवस पाहून वाहन घेऊ नये. रोजचा दिवस पाहून घ्यावे.

आता सायकल पाहू. ओझ्याला साधी, काळी, उंच चाकांची सायकलच बरी. वरची नळी दुहेरी असेल तर उत्तम. पुढचा चिमटा आधाराच्या सळयांनी बांधलेला हवा. मागचे आरे मोजा. जुन्या पद्धतीच्या दणकट सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात, कारण ओझे मागच्या चाकावर येते. कॅरिअर जाड सळईचे आणि ॲक्सलपर्यंत टेकू दिलेले हवे. स्टँड दोन पायांचा, रुंद हवा. एका पायाच्या स्टँडवर किटली भरताना सायकल आडवी झाली की दूधही गेले आणि दिवसही गेला.

ओझे कुठे बसते, हे ते किती आहे याइतकेच महत्त्वाचे. बैलगाडी मागे जास्त भरली की उलाळ होते, हे तुम्हाला सांगायला नको. सायकलचेही तसेच आहे. गोणी मागच्या ॲक्सलच्या पलीकडे गेली की पुढचे चाक हलके होते आणि हँडल हातात राहत नाही. म्हणून ओझे खाली आणि दोन्ही बाजूंना सारखे टांगा.

चालवणार कोण, तेही ठरवा. मागे उंच ओझे असताना पाय मागून टाकता येत नाही. घरातली बाई सायकल नेणार असेल तर खाली वाकलेल्या नळीची आणि पाय जमिनीला टेकतील अशा उंचीची घ्या. अशी चौकट ओझ्याखाली थोडी पिळते, म्हणून तिथे दुहेरी नळी हवीच.

चढासाठी दाते पाहा. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच फेरे फिरते. मागे २२ घातले तर दोनच. वेग कमी होतो, पण पद्मालयाकडच्या चढावर गुडघे दुवा देतात. न जमल्यास उतरून ढकलावे, त्यात कमीपणा नाही. १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईत व्हिएतनामी लोकांनी हँडलला बांबू बांधून, ढकलत, एकेका सायकलवर दोनशे किलोच्या वर माल डोंगरातून नेला होता.

तीनचाकी सायकल पेठेत चांगली, उभी राहिली तरी पडत नाही. पण बांधावरून ती जात नाही, आणि काळ्या मातीच्या चिखलात तिची तीनही चाके वेगवेगळी रुततात. विजेची सायकल घ्यायची तर २५० वॅटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली, ठरल्या वजनात बसणारी घ्या. तिला परवाना आणि नोंदणी लागत नाही. बॅटरी किती पुरते ते मात्र ओझे लादून पाहा, रिकाम्या सायकलवर नव्हे.

सर्वांत शेवटी, पण सर्वांत मोलाचे म्हणजे ब्रेक. पोलादी रिमवरचा ब्रेक पावसात सरकतो. आपल्या गावाजवळून सुरत-कोलकाता महामार्ग जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता, आता ५३ आहे. त्यावर ट्रक थांबत नाहीत. बाजूचा रस्ता असेल तर तोच धरा. मडगार्डवरचा लाल काचतुकडा गोणीआड झाकतो, म्हणून दुसरा ओझ्यावरच बांधा. अंधार पडण्याआधी घर गाठा.

आणि दुकानात जाताना युरियाची एक भरलेली गोणी बरोबर न्या. ती लादून दोन गल्ल्या फिरवा, उतारावर थांबवून पाहा. दुकानदार हसला तर हसू द्या. सुट्या भागांचेही विचारा. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला, तेव्हा नाव जुने आहे एवढ्यावर भागत नाही. जिचा आरा, चेन आणि ट्यूब गावातच मिळते, तीच आपली सायकल.