तरवडाचे लाड

गुलाब लावणाऱ्या माणसाला समाजात प्रतिष्ठा असते. तरवड लावणाऱ्याला लोक विचारतात, ‘तब्येत बरी आहे ना?’

रोपवाटिकेत मी तरवड मागितला, तेव्हा मालक माझ्या चपलांकडे बघू लागला. ‘साहेब, तरवड कुणी विकतं होय? सोलापूर रस्त्याला लागा. दोन्ही बाजूंनी फुकट उभाय.’

पण आमच्या आईला नवरात्रात घटावर तरवडाचीच माळ हवी. तिचे माहेर माणदेशातले. तिथे पाऊस भिडस्त पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच जातो. आश्विनात रान वाळायला लागते, आणि तेव्हाच या गड्याला पिवळाधमक बहर! पुण्यात मात्र तिने वर्षानुवर्षे झेंडूवर भागवले. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, हे मी एकदा सहज बोलून गेलो. ‘म्हणजे देवीला इतकी वर्षं परदेशी फुलं?’ आई म्हणाली आणि तरवड हा आमच्या घरातला राष्ट्रीय प्रश्न झाला. त्यातून आईला आता चौऱ्याऐंशीवे. माहेरी जाऊन माळ करण्याचे दिवस राहिलेले नाहीत.

शेवटी रस्त्याकडेच्या चपट्या, वाळक्या शेंगा आणल्या. बी भारी टणक. कढत पाण्यात टाकून रात्रभर भिजवले, तेव्हा कुठे मऊ आले. याचे मूळ खोल जाते, हलवाहलव सोसत नाही. म्हणून कुंपणालगत, बांधकामाची खडी पडली होती त्या कोपऱ्यातच बी पेरले. रोप एकदा धरले, की याला काही म्हणजे काही लागत नाही. आणि नेमकी इथेच अडचण. काही लागत नसलेल्या झाडाचे आमच्या सोसायटीत हाल फार.

शेजारचे नाना रोज सकाळी पाइप घेऊन हजर.

‘नाना, याला पाणी नको.’

‘अहो, जीव आहे तो!’

सेना ऑरिक्युलाटा हे याचे शास्त्रीय नाव. त्यातल्या ऑरिक्युलाचा अर्थ छोटा कान. पानाच्या देठाशी खरोखरच कानाच्या पाळ्यांसारखी दोन पाने असतात. म्हणजे अख्ख्या सोसायटीत मोठे कान याला, आणि ऐकत नाहीत नाना! शेवटी पाटी लावली : ‘कृपया पाणी घालू नये.’ मग पानांवर हिरव्या अळ्या आल्या आणि नाना फवारा घेऊन आले. ‘फुलपाखरं व्हायचीत त्यांची,’ म्हणून त्यांना परत पाठवले.

तिकडे तेलंगणात याला तंगेडू म्हणतात. बतुकम्मा सणात बायका तो मानाने रचतात. २०१४ साली राज्य झाल्यावर त्यांनी तो राज्यपुष्पच करून टाकला. आमच्याकडे सेक्रेटरींनी ‘अनधिकृत झुडूप’ अशी नोटीस काढली.

तिसऱ्या वर्षी घटस्थापनेला अकरा फुले निघाली. आईने ती दोनदा मोजली. माळ जेमतेम वीतभर झाली, तरी तिने मधे झेंडू घालू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तर घटाला घालून उरलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन आई झाडाशी उभी. पाटीकडे पाठ करून. आणि कुंपणापलीकडे नाना, कोर्टात निकाल लागल्यासारखे हसत.