मूठ आधी, पाते नंतर

‘स्टार वॉर्स’मधली प्रकाशाची तलवार घरी बनवायची म्हटली, की नवा माणूस आधी पात्याचं विचारतो: रंग कोणता, उजेड किती? इलेक्ट्रॉनिक्सवर पोट असल्यामुळे मी उलट विचारतो, ‘मुठीत सेल कुठे बसवणार?’

मुळात ही मूठ जुगाडातून जन्मली. १९७७च्या पहिल्या चित्रपटासाठी सेट सजवणाऱ्या रॉजर ख्रिश्चन यांना लंडनमधल्या कॅमेऱ्यांच्या दुकानात ग्राफ्लेक्सच्या जुन्या फ्लॅशगनचे दांडे सापडले. त्यांवर रबराच्या पट्ट्या चिकटवून नायक ल्यूकच्या तलवारीची मूठ झाली. पातं म्हणजे परावर्तक पट्टी गुंडाळलेली दांडी. चकाकी नंतर फिल्मवर चढवली.

आपल्याला ती चकाकी खरोखरच पेटवायची असते. पॉलीकार्बोनेटच्या इंचभर व्यासाच्या नळीत एलईडीच्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून सरकवतात. मीटरला १४४ दिवे, प्रत्येकाला वेगळा हुकूम देता येतो. म्हणून पातं मुठीपासून टोकापर्यंत सरसरत उजळतं. पांढऱ्या रंगासाठी दिव्यातले तांबडा, हिरवा, निळा तिन्ही पूर्ण पेटले, की एक दिवा पन्नासेक मिलिअँपिअर खातो. ९० सेंटिमीटरच्या पात्यात असे सुमारे २६० दिवे, म्हणजे १३ अँपिअर! आणि ते द्यायचे मुठीतल्या एकुलत्या एका १८६५० मापाच्या लिथियम सेलने. म्हणून सेल जास्त करंट झेपणाराच घ्यावा आणि पात्याकडे जाणाऱ्या वायरी जाड ठेवाव्यात. वायर बारीक पडली की पातं लगेच सांगतं: टोकाकडे व्होल्टेज कमी पोहोचतं, जास्त व्होल्टेज मागणारे निळा आणि हिरवा मंदावतात आणि पांढरं टोक तांबूस दिसू लागतं.

मूठ ॲल्युमिनियमची, म्हणजे स्वतःच वीजवाहक. उघडा राहिलेला डाख तिला टेकला की शॉर्ट. प्रत्येक जोडावर श्रिंक ट्यूब चढवायची आणि चार्जिंगसाठी सेल बाहेर निघेल अशी सोय ठेवायची.

उरला आवाज. चित्रपटाचे ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरची गुणगुण आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबजवळ माइकने पकडलेली घरघर एकत्र केली. मग ती स्पीकरवर लावून समोर दुसरा माइक हाताने फिरवला. तलवार फिरवल्याचा भास त्यातून आला. आज मुठीतला जायरोस्कोप हाताचा वेग मोजतो आणि नियंत्रक बोर्ड त्या वेगानुसार ध्वनी एकमेकांत मिसळतो. ‘प्रॉफीबोर्ड’ या अशाच एका बोर्डचं सॉफ्टवेअर खुलं असल्याने हे मिश्रण आपल्या मनासारखं बदलता येतं. फक्त स्पीकरच्या मागची आणि पुढची हवा वेगळी ठेवा, नाहीतर खर्ज हरवतो.

तलवारीने द्वंद्व खेळायचं असेल तर एलईडी पट्टीच्या वाटेला जाऊ नका. फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघाने २०१९मध्ये या खेळाला मान्यता दिली. पण जोरदार टकरींत पट्टीचे डाख निखळतात. तिथे मुठीत एकच ताकदवान एलईडी आणि वर रिकामी नळी बरी. नवशिक्यानेही इथूनच सुरुवात करावी.

वायर, एलईडी, स्पीकर पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. आधी सेल, बोर्ड, स्पीकर, बटण कागदावर मापाने मांडा, मग मुठीची नळी निवडा. आतला सांगाडा एक स्क्रू काढताच अख्खा बाहेर यावा. दुरुस्तीला न उघडणारी तलवार, कितीही देखणी असली तरी, पहिली वायर तुटली की शोकेसमध्ये जाते.