मधल्या फळीतला आंद्रेस

फुटबॉलचे वेड असलेल्या कोणत्याही मुलाला विचारा, गोल करणाऱ्यांची नावे तो धडाधड सांगतो. मधल्या फळीत खेळणाऱ्या एखाद्या खेळाडूचे नाव विचारले, की जरा अडखळतो. त्यात त्याचा दोष नाही. गोल झाला, की सगळे लोक गोल करणाऱ्याकडे पाहतात. त्याच्याकडे चेंडू कोणी पोहोचवला, हे पाहायला कोणाला सवड असते?

माझा आवडता खेळाडू याच मधल्या फळीतला आहे. त्याचे नाव आंद्रेस ग्वार्दादो. तो मेक्सिको देशाचा. साडेसोळा वर्षे तो परदेशात खेळला. रिआल माद्रिद किंवा बार्सिलोना यांसारख्या बड्या संघाकडून तो कधीच खेळला नाही. "मग सर, तो तुम्हांला का आवडतो?" असे माझे विद्यार्थी मला विचारतात. एका वाक्यात याचे उत्तर देता येत नाही, म्हणून हा पाठ.

आंद्रेसचा जन्म २८ सप्टेंबर १९८६ रोजी ग्वादालाहारा या शहरात झाला. या नावाची एक गंमत आहे. मेक्सिकोवर स्पेनची सत्ता होती, तेव्हा स्पेनमधल्या एका गावाचे नाव या शहराला दिले गेले. स्पेनमधल्या त्या गावाला हे नाव अरबांनी दिले होते. वादी-अल-हिजारा, म्हणजे दगडांची वादी. तुम्ही उर्दू शिकता, तेव्हा वादी म्हणजे काय, हे तुम्हांला समजावून सांगायला नको!

या शहरात आत्लास नावाचा जुना संघ आहे. लहान वयात मुलांना निवडून त्यांना तयार करण्यासाठी तो प्रसिद्ध आहे. बार्सिलोनाकडून खेळलेला राफाएल मार्केस हाही आत्लासचाच. याच संघात आंद्रेस वाढला आणि २००५ साली तो मोठ्यांच्या सामन्यात उतरला. अंगाने तो किरकोळ आणि उंचीने कमी होता. पण त्याचा डावा पाय असा चाले, की चेंडू जणू बुटाला बांधलेला आहे. वृत्तपत्रांनी त्याला 'छोटा राजकुमार' असे नाव दिले.

पुढच्याच वर्षी जर्मनीत विश्वचषक स्पर्धा झाली. मेक्सिकोचा सामना अर्जेंटिनाशी होता. हरणारा संघ घरी जाणार होता. अशा सामन्यात प्रशिक्षकांनी १९ वर्षांच्या आंद्रेसला सुरुवातीपासून खेळवले. मेक्सिको जादा वेळेत २-१ असा हरला, पण त्या मुलाचा खेळ युरोपातल्या लोकांच्या नजरेत भरला.

जुलै २००७ मध्ये स्पेनच्या देपोर्तिवो ला कोरुन्या या संघाने त्याला सुमारे ७० लाख युरो देऊन घेतले. तेव्हा त्याला २१ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. ला कोरुन्या हे अटलांटिक महासागराच्या काठचे पावसाळी शहर आहे. देपोर्तिवोने २००० साली स्पेनची साखळी स्पर्धा जिंकली होती. आंद्रेस तिथे पोहोचला तोवर मात्र संघाचे चांगले दिवस सरले होते. तिजोरीत पैसा नव्हता, मोठे खेळाडू निघून गेले होते.

तिथे त्याला डाव्या बाजूला, रेषेजवळ उभे केले जाई. त्या जागेचे काम सांगायला सोपे आहे. चेंडू मिळाला, की रेषेलगत धाव घ्यायची, समोरच्याला चकवायचे आणि चेंडू गोलाच्या तोंडाशी उंच टाकायचा. करायला मात्र ते कठीण. रोज तीच धाव घेऊन पायाचे स्नायू दुखावतात. आंद्रेसलाही दुखापतींनी अनेकदा गाठले.

मग २०११ साल उजाडले. हंगामाच्या शेवटच्या दिवशी देपोर्तिवोचा सामना घरच्या मैदानावर वालेन्सियाशी होता. देपोर्तिवो ०-२ असा हरला. एकूण ४३ गुण मिळवूनही संघ खालच्या श्रेणीत गेला. वीस वर्षांनी असे घडले होते. अशा वेळी चांगले खेळाडू दुसरीकडे जातात आणि त्यांना कोणी नावेही ठेवत नाही. आंद्रेस गेला नाही. विश्वचषक खेळलेला हा खेळाडू एक वर्ष खालच्या श्रेणीत, लहान लहान गावांच्या मैदानांवर खेळला. त्या वर्षी देपोर्तिवोने ९१ गुण मिळवून ती श्रेणी जिंकली आणि संघ पुन्हा वर आला. त्यानंतर त्याचा करार संपला आणि मगच तो निघाला. मला त्याच्याबद्दल आदर वाटू लागला तो इथून.

तो गेला वालेन्सियाला. होय, ज्या संघाने देपोर्तिवोला खाली ढकलले, त्याच संघात! खेळाडूच्या नशिबात असे योग असतात. वालेन्सियाचा डावा बचावपटू जोर्दी आल्बा त्याच उन्हाळ्यात बार्सिलोनाला गेला होता. ती जागा भरायची होती. आंद्रेस डाव्या पायाचा, म्हणून प्रशिक्षकांनी अनेकदा त्याला मागे बचाव फळीत उभे केले. आजवर तो दुसऱ्यांना चकवत आला होता. आता दुसऱ्यांनी आपल्याला चकवू नये, हे त्याचे काम झाले.

इथे मला माझ्या घरातली एक गोष्ट आठवते. माझे थोरले भाईजान २००९ साली कुवेतला गेले. त्यांच्याकडे वायरमनचे प्रमाणपत्र होते. ज्या कंपनीने त्यांना नेले, तिने त्यांना गोदामात माल मोजायला बसवले. अम्मी दर जुम्म्याला फोनवर विचारत, "बेटा, वायरचे काम मिळाले का?" भाईजान म्हणत, "अम्मी, इथे जे पुढे येईल ते करायचे असते." दोन वर्षे त्यांनी माल मोजला. मी त्या वेळी महाविद्यालयात होतो. माझी फी त्यांच्याच पैशांतून भरली जाई. त्यामुळे एखादा खेळाडू आपली जागा सोडून दुसऱ्या जागी उभा राहिलेला दिसला, की मला तो केवळ खेळ वाटत नाही.

वालेन्सियात आंद्रेसचे फारसे जमले नाही. जानेवारी २०१४ मध्ये त्याला जर्मनीच्या बायर लेव्हरकुसेन संघाला उसने देण्यात आले. फुटबॉलमध्ये खेळाडूसुद्धा उसना देतात, शेजारी वाटीभर साखर देतो तसा! काही महिने त्याने तिकडे खेळायचे आणि मग परत यायचे. स्पेनमध्ये निदान भाषेचा प्रश्न नव्हता, कारण मेक्सिकोचे लोक स्पॅनिशच बोलतात. जर्मनीत भाषा नवी, हवा नवी, प्रशिक्षक नवे. मोजकेच सामने मिळाले. त्याच वर्षी ब्राझीलमधल्या विश्वचषकात त्याने क्रोएशियाविरुद्ध गोल केला. तरी वालेन्सियाला तो नको होता. ऑगस्टमध्ये त्याला पुन्हा उसने दिले, या वेळी नेदरलँड्सच्या पी.एस.व्ही. आइंडहोव्हन या संघाला.

फिलिप्सचा दिवा तुम्ही पाहिला असेल. ही फिलिप्स कंपनी मूळची आइंडहोव्हनची. कंपनीतल्या कामगारांसाठी १९१३ साली हा क्रीडासंघ स्थापन झाला. त्याच्या नावातले पहिले अक्षर फिलिप्सचेच. मेक्सिकोचा कार्लोस साल्सिदो पूर्वी तिथे खेळून गेला होता, त्यामुळे मेक्सिकोचे खेळाडू तिथल्या लोकांना अगदीच परके नव्हते.

संघाचे प्रशिक्षक होते फिलिप कोकू. ते स्वतः मोठे खेळाडू होते आणि मधल्या फळीत खेळलेले होते. त्यांनी आंद्रेसला रेषेजवळ ठेवले नाही आणि मागेही ठेवले नाही. त्यांनी त्याला मैदानाच्या मध्यावर, बचाव फळीच्या थोडे पुढे उभे केले. हा खेळाचा चौक. चारी दिशांनी चेंडू इथे येतो आणि इथूनच चारी दिशांना जातो. इथे फार धावून उपयोग नसतो. चेंडू येण्याआधीच तो पुढे कोणाला द्यायचा, हे ठरलेले असावे लागते. त्यासाठी मान सतत फिरती ठेवावी लागते. आंद्रेसचे खेळणे पाहताना मी चेंडूकडे कमी आणि त्याच्या मानेकडे जास्त पाहत असे. चेंडू दूर असतानाही तो डावीकडे बघे, उजवीकडे बघे, मागे बघे. मग चेंडू त्याच्या डाव्या पायाशी येई आणि एका स्पर्शात निघून जाई. आघाडीला खेळल्यामुळे आघाडीच्या खेळाडूला चेंडू कुठे हवा असतो, हे त्याला ठाऊक होते. बचावाला खेळल्यामुळे धोका कुठून येतो, हेही त्याला कळत होते. वालेन्सियातली ती नकोशी वर्षे इथे अशी कामाला आली.

त्या हंगामात, म्हणजे २०१५ साली, पी.एस.व्ही. सात वर्षांनी नेदरलँड्सचा विजेता झाला. उसन्या खेळाडूला संघाने कायमचे ठेवून घेतले. पुढच्या वर्षी तर कमालच झाली. ८ मे २०१६ हा हंगामाचा शेवटचा दिवस. पी.एस.व्ही. आणि आयाक्स यांचे गुण सारखे होते, पण गोलांच्या हिशेबात आयाक्स पुढे होता. आयाक्सचा सामना होता दे ग्राफस्खाप या दुबळ्या संघाशी. सगळ्यांनी आयाक्सला विजेता मानूनच टाकले होते. तो सामना १-१ असा बरोबरीत सुटला. तिकडे पी.एस.व्ही.ने झ्वोलेला ३-१ असे हरवले आणि पुन्हा विजेतेपद मिळवले!

जुलै २०१७ मध्ये आंद्रेस स्पेनला परतला. या वेळी संघ होता रिआल बेतिस, शहर होते सेविया. हे शहर ज्या नदीच्या काठी आहे, तिचे नाव ग्वादालकिविर. अरबी वादी-अल-कबीर, मोठी वादी. एका वादीतून निघालेला हा मुलगा तिशी ओलांडून दुसऱ्या वादीत आला, असे मी नकाशा दाखवून मुलांना सांगतो. मुले हसतात, पण मग नकाशात आणखी 'ग्वाद' शोधू लागतात.

बेतिसमध्ये तो साडेसहा वर्षे राहिला. २३ एप्रिल २०२२ रोजी सेवियातच स्पेनच्या राजाच्या चषकाचा अंतिम सामना झाला. समोर होता वालेन्सिया. सामना १-१ असा सुटला आणि पेनल्टी किकवर निकाल लावायचे ठरले. ३५ वर्षांचा आंद्रेस बदली खेळाडू म्हणून मैदानात आला होता. किक मारायला तो पुढे आला, तेव्हा त्याच्यासमोर तोच संघ होता, ज्याने त्याला दोनदा उसने देऊन टाकले होते. त्याने चेंडू जाळ्यात धाडला. वालेन्सियाची एक किक वाया गेली. बेतिसच्या तरुण हुआन मिरांदाने शेवटची किक मारली आणि बेतिसने ५-४ अशी बाजी मारली. सतरा वर्षांनी तो चषक बेतिसकडे आला.

आंद्रेस २००६ पासून २०२२ पर्यंत पाच विश्वचषकांत खेळला. जगात फार थोड्या खेळाडूंना हे साधले आहे. पण मुलांपुढे मी ही गोष्ट शेवटी सांगतो. आधी सांगतो खालच्या श्रेणीतले ते एक वर्ष आणि लेव्हरकुसेनच्या बाकावरचे ते काही महिने. मुलांना विश्वचषकच ऐकायचा असतो, हे मला कळते.

जानेवारी २०२४ मध्ये तो मायदेशी परतला आणि लेऑन संघाकडून खेळू लागला. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात त्याने खेळातून निवृत्ती घेतली. ही बातमी मी भाईजानना फोनवर सांगितली. ते अजून कुवेतलाच असतात आणि आता वायरमनचे काम करतात. फुटबॉलमधले त्यांना फारसे कळत नाही. सगळे ऐकून घेऊन त्यांनी एवढेच विचारले, "घरी गेला ना तो?"